अंगाला लोकर, वर घोंगडं

हेळवाक, ता. पाटण
१२ डिसेंबर १९४५

तीर्थरूप मामंजी यांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र परवाच्या टपालानं पोचलं. पाकिटावर माझ्या नावाआधी तुम्ही ‘गं. भा.’ घातलं आहे. इथं नुसतं ‘नर्सबाई, हेळवाक’ लिहिलं तरी पत्र येतं. पुढच्या खेपेला तेवढंच लिहा.

आता तुमच्या आरोपांचं. होय, ट्रंक मी उघडली. आतला फलालीनचा शर्ट, जर्सी, लोकरीचे मोजे आणि मफलर मी नेला. शर्टाला कातर लावून त्याची बंडी मीच शिवली. ती अंगात घालून मी डोंगर चढते, चार पुरुषांच्या देखत चढते, हेही खरं. ज्यानं कुणी तुमच्या कानावर घातलं, त्यानं खोटं काही सांगितलेलं नाही.

तुम्ही लिहिता, ‘श्राद्धाला ट्रंक उघडली तर आत नुसता बिल्ला, पट्टा आणि फोटो. माझ्या पोराला तू दुसऱ्यांदा मारलंस.’ हे वाक्य मी चारदा वाचलं. मग चुलीवरचा भात उतरवला, जेवले, आणि कामाला गेले. रडत बसले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण त्या दिवशी तीन वाड्या करायच्या होत्या.

नाथाजी इटलीत पडले त्याला दोन वर्षं झाली. मी त्यांचं नाव घेते म्हणून रागावू नका. ‘हे’ म्हणायला ते आता शेजारच्या खोलीत नाहीत. पलटणीतून त्यांची ट्रंक आली तेव्हा तुम्ही ती देव्हाऱ्याशेजारी ठेवलीत, दर गुरुवारी तिला हार घातलात. मामंजी, लोकरीला हाराचा काय उपयोग? तिला ऊन लागतं. मी उघडली तेव्हा जर्सीच्या डाव्या खांद्याला कसर लागली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर तुमच्या हाताला भुसा लागला असता. मी ती उन्हात टाकली, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली, भोक रफू केलं. आता ती पुन्हा जर्सी झाली आहे.

किल्ली कुठून मिळाली असं तुम्ही विचारता. मला ठाऊक होतं कुठं असते ते. घेतली. यात दुसऱ्या कुणाला ओढू नका.

मी सांगलीला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ‘या घरचा उंबरा ओलांडलास तर परत यायचं न्हाई.’ मी ओलांडला. दीड वर्ष शिकले, सुइणीचं आणि नर्सचं सर्टिफिकेट घेतलं, आणि आता इथल्या धर्मार्थ दवाखान्यात आहे. कोयनेच्या दोन्ही अंगांना डोंगरात वाड्या आहेत. अडलेली बाई डोंगर उतरून येऊ शकत नाही, म्हणून मी चढते. कपडे परत पाठव म्हणता. पाठवणार नाही.

आत्याबाईंना नमस्कार सांगा. सांगणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिते.

लीला


हेळवाक
२ जानेवारी १९४६

तीर्थरूप मामंजी,

नमस्कार. तुम्ही साताऱ्याला आमच्या दवाखान्याच्या कमिटीकडं अर्ज केलात. त्याची नक्कल काल डॉक्टरांनी मला दाखवली. ‘विधवा बाई मयत शिपायाचे लष्करी कपडे घालून रानोमाळ हिंडते, येणेप्रमाणे पलटणीची व घराण्याची बेअब्रू होत आहे.’ अक्षर तुमचं नाही, शाळामास्तरांचं आहे. ‘येणेप्रमाणे’ तुम्ही कधी म्हणत नाही.

त्याच सुमारास मला आलेल्या पत्रात मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे, ‘शाल पांघरून जाता येत न्हाई का?’ इतक्या दिवसांत हा एकच प्रश्न तुम्ही मला खरोखर विचारलात. म्हणून त्याचं उत्तर देते.

शाल पांघरूनच जात होते. नोव्हेंबरात नव्यानं आले तेव्हा अंगात सुती पोलकं, वर सुती लुगडं आणि सांगलीहून आणलेली चांगली शाल. एका सकाळी नदीपलीकडच्या वाडीला निघाले. गवत कमरेच्या वर, आणि त्यावर दव असं की कुणी घागरी ओतल्यात. अर्ध्या तासात लुगडं मांडीपर्यंत भिजलं. चढावर घाम आला, पोलकं पाठीला चिकटलं. शाल कारवीच्या काटक्यांत अडकायची म्हणून काखेत धरली. माथ्यावर पोचले आणि वारा सुटला. तो वारा घामाच्या पोलक्यातून हाडापर्यंत गेला. शाल वरून गुंडाळली, पण आतलं ओलं ते ओलंच.

बाळंतिणीच्या झोपडीत पोचले तर माझी बोटं लाकडासारखी. पिशवीची गाठ सुटेना. बाईला रक्त जात होतं आणि मी गाठीशी झटत बसले होते. शेवटी वाडीतल्या म्हाताऱ्या सुइणीनं, तानुबाईनं, दातांनी गाठ सोडली. बाई जगली. ते माझं कर्तृत्व नव्हे. तानुबाई नुसती माझ्या हातांकडं बघून म्हणाली, ‘ह्या हातानं तू काय करनार, बाय?’

मामंजी, त्या दिवशी परत येताना मला नाथाजींचं इटलीतलं शेवटचं पत्र आठवलं. मीच ते तुम्हाला ओसरीवर वाचून दाखवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘हितं डोंगरात नवी पोरं सगळं अंगावर चढवून चालायला लागत्यात. घामानं भिजत्यात आन् थांबली की गारठत्यात. चढायच्या आधी काढायचं. थंडी वाजली तर वाजू द्यायची, शंभर पावलांत जाती. आन् थांबायच्या आधी घालायचं, थांबून गार झाल्यावर न्हाई.’ तुम्ही ऐकून म्हणालात, ‘बराबर हाय. आमच्या येळंला फ्रान्सात ह्येच.’ तुमच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं! ते तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही.

सूत आणि लोकर यांतला फरक मी हातावर बघितला आहे. सांगलीला माझ्याबरोबर गुणमाला शिकत होती, आदगोंडा पाटलांची. ती म्हणायची, लोकर टोचते, ती वरून घालावी, अंगाला सूतच पाहिजे. एका थंडीत आम्ही दोघी गच्चीवर गेलो. एका हातात सुती मोजा, एका हातात लोकरीचा, दोन्ही पाण्यात बुडवून पिळलेले. वाऱ्यात उभ्या राहिलो. दहा मिनिटांत गुणमालाचा सुती मोज्यातला हात निळा पडला, आणि लोकरीतला तसाच उबदार. ती म्हणाली, ‘हरले.’ बंडी बेतायची कशी तेही मला तिनंच शिकवलं.

तर आता मी काय घालते ते ऐका, म्हणजे पुढच्या अर्जात चूक नको. अंगाला चिकटून फलालीनची बंडी. टोचते. टोचू दे. लुगडं नऊवारी, कासोटा घालून गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, म्हणजे दव पोटऱ्यांवर राहतं. जर्सी अंगात नाही, मेणकापडात गुंडाळून पिशवीत. मोज्यांचा एक जोड पायांत, दुसरा कोरडा, जर्सीच्या घडीत. वरून घोंगडं, ढिलं, म्हणजे आत हवा राहते. चढ लागला की घोंगडंही काढून खांद्यावर टाकते. माथा दिसायला लागला, अजून अंग गरम आहे, की तेवढ्यात जर्सी चढवायची आणि डोक्यावर घोंगड्याची खोळ घ्यायची. वाऱ्याला घोंगडं, घामाला बंडी, आणि मध्ये जर्सी ऊब धरून बसते. शाल या कशालाच पुरत नाही.

कमिटीनं बोलावलं तर मी येईन. तुम्हीही या.

लीला


हेळवाक
१७ जानेवारी १९४६

मामंजी,

कमिटीची तारीख आली, फेब्रुवारीची चार. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर जाईल, आणि दुसऱ्याच तोंडानं जाईल. म्हणून ती आधी माझ्या हातानं लिहिते.

संक्रांतीच्या सकाळी डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या वाडीतून जोतिबा नावाचा माणूस धावत आला. त्याची बायको शालूबाई पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. तानुबाई तिच्याजवळ होती, पण पोराचे पाय खाली आले होते आणि ती घाबरली होती. मी निघाले. पेटी घ्यायला दवाखान्याचा शिपाई आकाराम बरोबर. पन्नाशीचा माणूस, भला, पण हट्टी. सकाळी धुकं होतं, कुडकुडायला होत होतं. आकारामनं सुती सदरा, त्यावर कापूस भरलेली बंडी, त्यावर डॉक्टरांचा जुना कोट असं सगळं चढवलं होतं.

मी म्हटलं, “आकाराम, वरचे दोन काढा. चढ आहे.”

“तुमी चला वो बाई. मला थंडी सोसत न्हाई.”

“आत्ता सोसा. वर गेल्यावर सोसावी लागणार नाही.”

तो हसला. जोतिबाही हसला. मी नुसत्या बंडीवर चालत होते, दात वाजत होते, म्हणून त्यांना गंमत वाटली. नदी ओलांडून आंब्याखाली पोचेपर्यंत माझे दात थांबले, आणि आकारामच्या कपाळावरून घाम गळायला लागला. तेव्हाही काढलं नाही. पेटी खांद्यावर होती, थांबलो तर उशीर होईल असं त्याला वाटलं असेल. त्याला दोष देत नाही.

सड्यावर पाय ठेवला आणि आभाळ खाली आलं. जानेवारीत पाऊस! मोठा नाही, बारीक, पण वाऱ्याबरोबर आडवा. त्या माथ्यावर झाड नाही, दगडाचा आडोसा नाही. मी जर्सीला हात घालणार तेवढ्यात मागं आकाराम लटपटताना दिसला. आधी थरथरत होता. मग त्याचं थरथरणं थांबलं, आणि मी घाबरले ती तेव्हा. तो खाली बसला. जीभ जड झाली होती. म्हणाला, “बाई, मला हितंच बसू द्या. आता उकडतंय.”

पुढं अडलेली बाई, आणि इथं हा. क्षणभर मला वाटलं, जोतिबाला याच्याजवळ ठेवावं आणि आपण पळावं. पण जोतिबा स्वतःच काकडलेला. तो म्हणाला, “बाई, तुमी तोंड फिरवा, मी काढतो त्याची कापडं.” त्याच्या बोटांनी कोटाचं एक बटण निघेना. मग मी काढली. कोट, बंडी, सदरा, सगळं. पिळलं तर घागरभर पाणी निघालं असतं. मफलरनं त्याचं अंग खसाखसा पुसलं, नाथाजींची जर्सी त्याच्या गळ्यात घातली, वरून घोंगडं गुंडाळलं. कोरडे मोजे त्याच्या हातांत चढवले. तोंडात गुळाचा खडा कोंबला. आणि एका बाजूनं मी, एका बाजूनं जोतिबा, असं त्याला ओढत चालवलं. शिव्या देऊन चालवलं. ज्या शिव्या मी दिल्या त्या तुमच्याच घरी बैलांना घातलेल्या ऐकल्या होत्या.

माझ्या अंगावर एक बंडी उरली होती, तीही पावसानं ओली. पण चालत होते, आणि ओली झाली तरी लोकर लोकर असते. अर्ध्या तासानं वाडी आली. आकारामला शेकोटीशी बसवलं, तेव्हा तो पुन्हा थरथरायला लागला आणि रडायला लागला. तानुबाईनं माझे हात हातांत घेतले, दाबून बघितले आणि म्हणाली, “हां. आता ये.”

माझी बोटं माझं ऐकत होती. मुलगी झाली. पायाळू, काळीसावळी, जिवंत. शालूबाईही धडधाकट आहे.

झालं ते एवढं. आता खाली गावात असं बोलतात की नर्सबाईनं डोंगरावर परपुरुषाला उघडा केला आणि आपल्या नवऱ्याचे कपडे त्याला घातले. शब्दाला शब्द खरं आहे. नवा अर्ज करायचा तर मजकूर तयार आहे.

लीला


सातारा, मोटारअड्डा
४ फेब्रुवारी १९४६

मामंजी,

मोटार सुटायला दोन तास आहेत. तुम्ही गावाकडं चालत निघालात ते मी बघितलं. हाक मारली नाही. तुम्ही थांबला नसता, आणि मला तुमच्या पाठीशी बोलायचं नव्हतं. म्हणून इथं बाकावर बसून लिहिते.

ती खोली आठवते ना? पाच सभ्य गृहस्थ, पायाशी शेगडी, अंगात कोट, गळ्यात मफलर, एकाच्या डोक्याला कानटोपी. मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ मला विचारतात, ‘बाईमाणसाला एवढ्या कपड्यांचं अवडंबर कशाला?’ मी म्हणाले, ‘आपण बसून आहात, म्हणून आपण घातलं आहे ते बरोबर आहे. मला चालायचं असतं, म्हणून माझं वेगळं.’ कानटोपीवाले हसले. मधले हसले नाहीत.

मग आकारामला पुढं बोलावलं. मला वाटलं होतं तो गप्प बसेल. बायकापोरांचा माणूस, गावात तोंड दाखवायचं असतं. त्याला विचारलं, “या बाईंनी तुझे कपडे काढले?”

“व्हय.”

“सगळे?”

“ओले व्हते तेवढे.”

“तुला लाज नाही वाटली?”

“लाज वाटायला जित्ता असाया लागतंय साहेब.”

त्याचा मला अभिमान वाटला. तरीही त्यांचं ठरत आलं होतं. मधले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले की माणुसकी म्हणून झालं असेल, पण शिस्त म्हणून काही आहे. मी हातातली पिशवी घट्ट धरली. मनात म्हटलं, काढून टाकतील. मग कोयनेच्या त्याच वाड्या मी सर्टिफिकेट घरी ठेवून करीन, तानुबाई करते तशा. कमिटी डोंगर काढून घेऊ शकत नाही.

आणि मग त्यांनी तुम्हाला विचारलं. ‘हवालदार लालासाहेब, आपण जुने लष्करी. अर्जदारही आपणच. असं उघडं करणं गरजेचं होतं काय?’

तुम्ही उभे राहिलात. माझ्याकडं बघितलं नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस ‘न्हवतं’ म्हणणार, आणि संपलं.

तुम्ही जे बोललात ते तुमचंच आहे, पण मी ते लिहून ठेवते. उद्या तुम्हीच ते नाकाराल, म्हणून.

“फ्रान्सात आमच्याबरूबर कराडकडचा एक गडी हुता. पावसात दिसभर चाललो. माथ्यावर यिऊन त्यो म्हनला, नाईक, मला हितं बसू द्या, मला ऊन लागतंय. मी म्हनलो, बस जरा. म्याच बसवला त्याला, ओल्या कोटात. फिरून आलो तर बसल्याला हुता तसाच. तीस वर्सं झाली. ह्या बाईनं केलं त्ये मला तवा सुचलं न्हाई. अर्ज माझा हाय, आन् ह्ये बोलनंबी माझंच हाय. काय करायचं त्ये तुमी ठरवा.”

आणि तुम्ही टोपी घालून बाहेर गेलात.

माझी नोकरी टिकली. त्यांनी एक कागद पुढं केला, ‘यापुढे पुरुषी पेहराव नजरेस पडता कामा नये,’ खाली माझी सही. मी सही केली नाही. म्हणाले, ‘चढावर धाप लागली की मी घोंगडं काढते. तेव्हा जे दिसेल ते दिसेल.’ कानटोपीवाल्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच लिहिलं, ‘समज दिली.’ कुणाला दिली ते लिहिलं नाही.

पायऱ्यांवर तुम्ही थांबला होता. मला वाटलं आपण बोलू. तुम्ही विचारलंत एवढंच, “किल्ली कुनी दिली?”

“मी घेतली.”

“ती किल्ली माझ्या कमरंला असती, लीला. तू कवा घेतलीस?”

आणि तुम्ही पायऱ्या उतरून चालू लागलात. इतके दिवस मी खोटं सांगितलं ते आत्याबाईंसाठी, तुम्हालाही कळलं असेल. नोव्हेंबरात मी घरी आले होते, तुम्ही मळ्यातल्या विहिरीवर आंघोळीला गेला होता. तानुबाईनं माझे हात कसे बघितले ते मी आत्याबाईंना सांगितलं. त्या उठल्या. आत गेल्या आणि गाठोडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, ‘नाथाला थंडी लागत न्हाई आता. तुला लागती.’ नाथाजींची आई आहे ती. तिनं ठरवलं. तुमच्या दोघांपैकी एकाला तरी ठरवायचा हक्क होताच ना?

त्यांना एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ आहे.

तुम्ही आत खरं बोललात. त्याबद्दल मी तुमचे उपकार मानणार नाही. खरं बोलणं म्हणजे उपकार नव्हे. पण त्या कराडकडच्या माणसाचं तुम्ही आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं, नाथाजींनाही नाही, हे मला माहीत आहे. ते ऐकताना मी पिशवीवरचा हात सोडला होता.

मोटारवाला हाका मारतो आहे.

लीला


हेळवाक
२४ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप मामंजी,

आत्याबाई इथं आहेत. सुखरूप आहेत. तुम्ही तीन गावं शोधलीत असं कळलं, म्हणून आधी हे लिहिलं.

त्या गुरुवारी आल्या. पाटणपर्यंत मोटारीनं, पुढं बाजार करून परतणाऱ्या बायकांबरोबर चालत. दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. डोक्यावर घोंगड्याची खोळ, लुगडं वर खोचलेलं, वहाणा हातात. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, ‘आधी पानी दे. लय चाललीया.’

त्या सांगतात की साताऱ्याहून परतल्यापासून तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. रागावला नाहीत, हात उगारला नाहीत, नुसतं बोलायचं बंद केलंत. मी लिहिलं होतं ना, एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ आहे? तुम्ही माझा शब्द असा पाळावा असं मला वाटलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, ‘परत जायचं तेव्हा मी सोडायला येते.’ त्या म्हणाल्या, ‘बघू.’ दुसऱ्या दिवशी मी वरच्या सड्यावर शालूबाईच्या पोरीला बघायला निघाले. आत्याबाई मागून आल्या. नको म्हटलं तर ऐकेनात. चढाच्या पायथ्याशी मी त्यांना थांबवून घोंगडं काढायला लावलं. कुरकुरल्या, पण काढलं. दहा ठिकाणी बसल्या. प्रत्येक वेळी बसायच्या आधी मी घोंगडं पुन्हा पांघरवलं, आणि प्रत्येक वेळी त्या मला म्हणाल्या, ‘तू लय शानी हायस.’ माथ्यावर पोचल्या तेव्हा खाली कोयना दिसत होती. मग शालूबाईच्या झोपडीत पोरीला मांडीवर घेऊन तेल लावलं, आणि तानुबाईशी असं बोलत बसल्या की जणू जन्माची ओळख. तानुबाईला आता दिसत नाही फारसं. तिला सोबत पाहिजे, आणि अडलेल्या बाईजवळ धीर देणारी एक मोठी बाई पाहिजेच असते. मी काही सुचवलेलं नाही. त्या दोघींचं आपसात ठरलं आहे.

मी आता कमिटीला लिहिते आहे की मदतनीस म्हणून आत्याबाईंचं, साळूबाई लालासाहेब असं, नाव घालावं, आणि दोन घोंगडी व दोन लोकरीच्या बंड्या दवाखान्यानं द्याव्यात, एक आकारामला. नाही म्हणाले तर पुन्हा लिहीन. त्यांच्या खोलीची वाट आता मला माहीत झाली आहे.

आत्याबाईंना न्यायला गाडी पाठवू नका. त्या बसणार नाहीत, आणि मी बसवणार नाही.

याखालचं त्यांनी सांगितलं तसं लिहिते. एक अक्षर बदलायचं नाही अशी मला शपथ घातली आहे.

‘आवं, ऐकताय न्हवं. किल्ली म्या घेतली. तुमी आंघुळीला जाताना खुंटीला लावता. लीलाच्या नावानं लई बोललासा, आता माज्या नावानं बोला, पर बोला. गप बसू नगा. गप बसल्यालं मानूस मला बघवत न्हाई, त्यो फ्रान्सातला तुमचा गडी बसल्यावानी दिसतंय. लीलानं मला त्याचं सांगितलं. तीस वर्सं तुमी मला सांगितलं न्हाई. मी तुमाला काय केलं असतं वो? पस्तीस वर्सं मी उंबऱ्यापासनं हिरीपतूर चालले. परवा डोंगर चढले. पाय दुखत्यात, पर उद्या परत चढनार हाय. मी काय रुसून आलेली न्हाई. मला हितं काम हाय. तुमाला एकट्याला करमत नसंल तर या. न्यायला येऊ नगा, ऱ्हायला या. आन् येताना अंगात लय घालून निघू नगा. चढ हाय.’

लीला